कानाच्या चेतापेशींमधील आयन वाहिन्या आणि वेळेचा अचूकपणा

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. कानाविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात कानाचा पडदा, तीन हाडे आणि शंखाकृती कॉक्लियातील रोमपेशी यांच्यापाशी विषय बहुधा संपतो. रोमपेशीने ध्वनीचे विद्युत संदेशात रूपांतर केले आणि चेतेने तो संदेश मेंदूकडे नेला, एवढेच वाक्य पुढे येते. मी मिरजेत शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि उत्तरपत्रिकांतही हेच वाक्य वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. या धाग्यात मला त्या वाक्याच्या उत्तरार्धाविषयी लिहायचे आहे. रोमपेशीकडून आलेला संदेश चेतापेशी जसाच्या तसा पुढे पाठवत नाही. कोणत्या क्षणी आवेग, म्हणजे चेतातंतूतून धावणारी क्षणिक विद्युत लहर, निघावा, एकच निघावा की त्यांची मालिका निघावी, हे तिच्या स्वतःच्या पेशीपटलात कोणत्या आयन वाहिन्या, म्हणजे आयनांना (विद्युतभारित कणांना) ये-जा करू देणारी प्रथिनांची दारे, आहेत यावर ठरते, आणि त्यातही पोटॅशियमच्या वाहिन्यांचा शब्द शेवटचा असतो, असे माझे ठाम मत आहे.

आधी रोमपेशीची थोडक्यात उजळणी करतो. तिच्या माथ्यावरचे सूक्ष्म रोम उंचीच्या क्रमाने उभे असतात आणि आखूड रोमाचे टोक शेजारच्या उंच रोमाशी कॅडहेरिन-२३ व प्रोटोकॅडहेरिन-१५ या प्रथिनांच्या अतिसूक्ष्म धाग्याने बांधलेले असते. रोम उंच बाजूकडे झुकले की धागा ताणला जातो आणि आखूड रोमाच्या टोकाशी असलेली वाहिनी उघडते. टीएमसी-१ आणि टीएमसी-२ ही प्रथिने या वाहिनीचा गाभा आहेत. शरीरात इतरत्र पेशीबाहेरच्या द्रवात सोडियम भरपूर आणि पोटॅशियम थोडे असते, पण रोम ज्या एंडोलिम्फमध्ये बुडालेले असतात त्यात पोटॅशियमचे प्रमाण लिटरला सुमारे १५० मिलिमोल असते, आणि कॉक्लियात त्या द्रवाचा विभव (विद्युत दाब) सुमारे +८० मिलिव्होल्ट असतो. म्हणून एरवी पेशीतून बाहेर पडणारे पोटॅशियम येथे आत शिरते, पेशीचा विभव वाढतो, तळाशी असलेल्या सीएव्ही १.३ या कॅल्शियम वाहिन्या उघडतात आणि ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन बाहेर सोडले जाते.

खरा विषय येथून पुढे सुरू होतो. माणसाच्या एका कानात ध्वनीची खबर देणाऱ्या आतल्या ओळीतील रोमपेशी साधारण ३,५०० असतात आणि त्यांच्यासाठी चेतापेशी मात्र सुमारे ३०,००० असतात. यांतील ९५ टक्क्यांच्या आसपास चेतापेशी पहिल्या प्रकारच्या असून त्यांपैकी प्रत्येक जण सहसा एकाच रोमपेशीच्या एकाच बिंदूला जोडलेली असते. म्हणजे एका रोमपेशीचे ऐकणाऱ्या अनेक चेतापेशी असतात आणि त्या सगळ्या एकसारख्या नसतात. ग्लुटामेट पोहोचताच चेतापेशीच्या टोकावरील ग्राही वाहिन्या उघडतात आणि लहानसा प्रवाह आत येतो. आवेग मात्र तेथे निर्माण होत नाही. तो थोडा पुढे, चेतातंतू हाडातील बारीक छिद्रांतून जेथे आत शिरतो आणि त्याच्यावर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टण सुरू होते, तेथे निर्माण होतो. एनएव्ही १.६ या सोडियम वाहिन्या त्या ठिकाणी दाटीने बसवलेल्या असतात. आवेग रोमपेशीच्या इतक्या जवळ निर्माण होत असल्यामुळे वेळेचा अपव्यय फार कमी होतो.

सोडियम वाहिनी आवेग घडवते, परंतु त्याला शिस्त लावणाऱ्या वाहिन्या वेगळ्या आहेत. केव्ही १ कुळातील पोटॅशियम वाहिन्या विश्रांतीच्या, म्हणजे आवेग नसतानाच्या, विभवाजवळच, साधारण उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपास, उघडू लागतात. केव्ही ३ कुळातील वाहिन्या आवेग ऐन शिखराजवळ असतानाच उघडतात आणि तितक्याच वेगाने मिटतात, त्यामुळे आवेग आखूड राहतो आणि चेतापेशी लगेच पुढच्या आवेगासाठी तयार होते. एचसीएन या वाहिन्यांची रीत उलटी आहे, कारण विभव अधिक उणे झाला की त्या उघडतात आणि तो पुन्हा वर ओढतात. हृदयाची लय राखणाऱ्या पेशींतही हेच कूळ काम करते. हृदयगती कमी करण्यासाठी दिले जाणारे इव्हाब्रॅडिन या वाहिन्या अडवते, आणि डोळ्याच्या पटलातही हे कूळ असल्यामुळे काही रुग्णांना ते औषध घेताना दृष्टीत मध्येच उजेड चमकल्याचा अनुभव येतो.

केव्ही १ चे महत्त्व समजण्यासाठी तळाला भोक पडलेली घागर डोळ्यांसमोर आणावी. तिच्यात संथ धार कितीही वेळ सोडली तरी पाणी काठापर्यंत चढत नाही. ती काठोकाठ भरायची तर बादली एकदम उपडी करावी लागते. केव्ही १ वाहिन्या भरपूर असलेली चेतापेशी हळूहळू वाढणाऱ्या प्रवाहाला दाद देत नाही आणि अचानक आलेल्या प्रवाहाला मात्र तत्काळ आवेगाने उत्तर देते.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा कानाच्या दुसऱ्या भागातून, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारच्या पिशव्यांकडून मिळाला आहे. १९७१ साली गोल्डबर्ग आणि फर्नांडेझ यांनी स्क्विरल माकडांमध्ये या चेतातंतूंचे आवेग नोंदवले. डोके अगदी स्थिर असतानाही हे तंतू सेकंदाला सरासरी ९० आवेग पाठवत होते. त्यांतील काही तंतूंचे आवेग समान अंतरावर येत होते, तर काहींचे अंतर सतत कमीजास्त होत होते. पहिल्यांना नियमित आणि दुसऱ्यांना अनियमित म्हटले गेले. अनियमित तंतू प्रामुख्याने संवेदनपटलाच्या मध्यभागातून येतात आणि डोक्याच्या झटक्यांना अधिक तीव्रतेने प्रतिसाद देतात. हा फरक रोमपेशीमुळे पडतो की चेतापेशीमुळे, हा प्रश्न पुढे बराच काळ चर्चेत राहिला.

२०१० साली कल्लुरी, शुए आणि ईटॉक यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांच्या वेगळ्या काढलेल्या चेतापेशींवर काम करून त्याचे उत्तर दिले. काचेच्या सूक्ष्म नळीचे टोक पेशीपटलाला घट्ट चिकटवून पेशीत ठरावीक प्रवाह सोडायचा आणि विभव नोंदवायचा, अशी ती पद्धत आहे. ती विकसित करणाऱ्या नेहेर आणि झाकमन यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच मापाचा स्थिर प्रवाह दिल्यावर काही चेतापेशींनी आरंभी एकच आवेग दिला आणि प्रवाह चालू असूनही त्या गप्प राहिल्या; काहींनी आवेगांची सलग मालिका दिली. पहिल्या गटात विश्रांतीजवळच उघडणाऱ्या केव्ही १ आणि केव्ही ७ वाहिन्या होत्या, दुसऱ्या गटात त्या जवळजवळ नव्हत्या. ग्लुटामेटच्या खऱ्या प्रवाहासारखा चढउतारांचा प्रवाह दिल्यावर पहिला गट अनियमित आणि दुसरा गट नियमित आवेग देऊ लागला. समोर रोमपेशी नसतानाही चेतापेशीने आपला स्वभाव दाखवला, म्हणून मला हा प्रयोग अतिशय महत्त्वाचा वाटतो.

आपल्या शंका आणि अनुभव जरूर लिहावेत.

जवारी

धाग्याबद्दल मनापासून आभार. आमच्या घरात मिरजेला पिढ्यान्‌पिढ्या तानपुरे घडवले जातात, त्यामुळे विषयाशी माझा संबंध कानाच्या बाजूने आहे. जवारी लावताना, म्हणजे तारेचा झणत्कार खुलवताना, तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवला जातो. तो केसभर पुढेमागे झाला की तारेचा आवाज एकदम बंद होतो किंवा एकदम खुलतो, आणि खुलला की वरचे स्वर मधमाश्यांच्या मोहळासारखे उठतात. जोडाच्या दोन तारा जुळवताना त्यांच्यात किंचित फरक असेल तर आवाज संथ लाटेने वरखाली होत राहतो आणि तारा पूर्ण जुळल्या की ती लाट थांबते. माझे दोन प्रश्न आहेत. ही संथ लाट आणि तो वेगवान झणत्कार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चेतापेशी कशा सांगतात? दुसरे असे की आमच्याकडच्या वयस्क कारागिरांना बोलणे उत्तम ऐकू येत असताना जवारीचे बारकावे मात्र कळेनासे होतात, हे कशामुळे होत असावे?

कृष्णाकाठ

जवारी, आपण विचारलेला प्रश्न या विषयाच्या गाभ्याचा आहे.

काळी एकच्या षड्जाची कंपने सेकंदाला सुमारे १३८ असतात. एक श्रवणतंतू सलगपणे सेकंदाला २०० ते ३०० पेक्षा फार जास्त आवेग देऊ शकत नाही, म्हणून मूळ षड्जाच्या प्रत्येक कंपनाला एक आवेग देणे एखाद्या तंतूला शक्य आहे. जवारीने उठवलेले वरचे स्वर मात्र २,००० किंवा ३,००० कंपनांच्या घरात असतात. तेथे कोणताही एक तंतू प्रत्येक कंपनाला उत्तर देत नाही. तो काही कंपने सोडून देतो, पण जेव्हा आवेग देतो तेव्हा कंपनाच्या ठरावीक टप्प्यावरच देतो. शेजारचे तंतू वेगळी कंपने पकडतात आणि सगळ्यांचे आवेग एकत्र पाहिले की संपूर्ण लय त्यांत सापडते. वीव्हर आणि ब्रे यांनी १९३० साली मांजराच्या श्रवणचेतेवर केलेल्या नोंदींतून हा विचार पुढे आला. प्राण्यांत ही टप्प्याशी बांधलेली नोंद साधारण ४,००० ते ५,००० कंपनांपर्यंत टिकते आणि त्यावर क्षीण होत जाते.

ज्या तंतूला टप्पा चुकवायचा नाही, त्याच्या आवेगाची वेळ मिलिसेकंदाच्याही अंशापर्यंत ठरलेली असावी लागते. येथेच केव्ही १ आणि केव्ही ३ वाहिन्या कामी येतात. पहिली आधीच्या प्रवाहाचे अवशेष साचू देत नाही आणि दुसरी आवेग झटपट संपवते. उंदरांच्या कॉक्लियात उंच स्वरांच्या टोकाकडील चेतापेशींत या वाहिन्या अधिक आणि खालच्या स्वरांच्या टोकाकडे कमी आढळतात, म्हणजे स्वराच्या जागेनुसार चेतापेशीचा स्वभावही बदलत जातो. केव्ही १.१ नसलेल्या उंदरांना आवाज कोणत्या दिशेने आला हे ओळखणे जड जाते. अर्थात त्यात मेंदूच्या खोडातील चेतापेशींचाही वाटा आहे, कारण तेथेही हीच वाहिनी मोठ्या प्रमाणावर असते.

जोडाच्या तारांतील संथ लाटेचे उत्तर त्यामानाने सरळ आहे. दोन तारांत एका कंपनाचा फरक असेल तर एकत्रित ध्वनी सेकंदाला एकदा वाढतो आणि एकदा उतरतो. दोन्ही तारांचा स्वर कॉक्लियात जवळजवळ एकाच जागी पडत असल्यामुळे तेथील तंतूंच्या आवेगांची संख्या त्याच लाटेने वाढते आणि घटते. म्हणजे एकाच तंतूकडून मिळणाऱ्या आवेगांच्या वेळेत तारेचे कंपन असते आणि त्यांच्या दाटीत लाट असते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तानपुऱ्याच्या घोडीचा अभ्यास करून दाखवले की तार जेथे छेडली जाते त्या जागेमुळे जे स्वरांश नियमाने नाहीसे व्हायला हवेत, तेही या वाद्यात स्पष्ट ऐकू येतात. इतके समृद्ध काम आपल्या कानाच्या वाट्याला येते. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला मिरजकर म्हणून आनंद आहे.

वयस्क कारागिरांविषयी सांगायचे तर वयानुसार रोमपेशींची झीज कॉक्लियाच्या उंच स्वरांच्या टोकापासून सुरू होते. संभाषणाचा मुख्य भाग खालच्या पट्ट्यात असल्यामुळे तो टिकतो आणि जवारीचा वरचा झणत्कार आधी हरवतो. याशिवाय चेतातंतूंचीही स्वतंत्र झीज होते. त्याविषयी कोणी विचारले तर सविस्तर लिहीन.

कराडची लेक

मला तोल सांभाळणाऱ्या भागाविषयी विचारायचे आहे. गेल्या वर्षी माझ्या आईला मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी एका रुग्णालयात जेंटामायसिनची इंजेक्शने दिली होती. संसर्ग बरा झाला. घरी आल्यावर तिला गरगरत नव्हते, पण चालताना समोरचे सगळे हलते असे ती सांगू लागली. कराडच्या बसस्थानकावर ती उभी असताना गाडीवरची पाटी नीट वाचते, चालायला लागली की तीच पाटी वरखाली नाचते आणि अक्षरे एकमेकांत मिसळतात. अंधारात तर तिला भिंतीचा आधार लागतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे निर्दोष असल्याचे सांगितले. याचा संबंध आपण वर्णन केलेल्या चेतापेशींशी आहे का?

श्रवणसेवा

मी सांगलीत श्रवण आणि तोल यांच्या तपासण्या करते, म्हणून या प्रतिसादाला उत्तर देते. ताई, आपण केलेले वर्णन दोन्ही कानांतील तोलाची संवेदना कमी झाल्याचे जे लक्षण असते त्याच्याशी तंतोतंत जुळते. मात्र निदान प्रत्यक्ष तपासणीनंतरच करता येते.

डोके उजवीकडे वळले की डोळे तेवढ्याच वेगाने डावीकडे वळतात आणि त्यामुळे दृश्य स्थिर राहते. ही प्रतिक्रिया दहा मिलिसेकंदांच्या आत घडते. डोळ्यांनी आधी हालचाल पाहून मग दुरुस्ती करायची म्हटली तर याच्या कितीतरी पट वेळ लागेल. चालताना डोके प्रत्येक पावलाला वरखाली होते, आणि कानाकडून खबर आली नाही तर डोळे ते भरून काढू शकत नाहीत, म्हणून पाटी नाचते. आईला गरगरत नाही यालाही कारण आहे. मेंदू दोन्ही बाजूंच्या विश्रांतीच्या आवेगांची तुलना करत असतो. एकच बाजू मंदावली तर तुलना बिघडते आणि जोराची भोवळ येते. दोन्ही बाजू सारख्याच मंदावल्या तर तुलना बिघडत नाही, पण हालचालीची खबर मिळेनाशी होते.

जेंटामायसिन ज्या कुळातले आहे त्या कुळातील औषधांचे रेणू रोमपेशीच्या त्याच वाहिनीतून आत शिरतात, जिच्यातून पोटॅशियम शिरते. वाहिनीचे छिद्र त्यांच्यासाठी पुरेसे मोठे आहे आणि पेशीच्या आतला ऋण विभव धनभारित रेणूंना आत ओढतो. आत गेल्यावर ते लवकर बाहेर पडत नाहीत. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन तोलाच्या रोमपेशींना अधिक इजा करतात, तर कॅनामायसिन आणि अमिकासिन ऐकण्याच्या रोमपेशींना, तेही उंच स्वरांच्या टोकापासून. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी कॅनामायसिनची दीर्घकाळ इंजेक्शने दिली जात असत आणि त्यात अनेकांचे ऐकणे गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून त्याची शिफारस थांबवून तोंडाने घेण्याच्या औषधांना प्राधान्य दिले, हे फार चांगले झाले. ही औषधे जीव वाचवतात, त्यामुळे ती कधीच देऊ नयेत असे मी म्हणणार नाही. मूत्रपिंडाचे काम मंद असेल, किंवा घरात अशाच इंजेक्शनानंतर कोणाचे ऐकणे गेले असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकातील एक बदल आईकडून मुलांकडे येतो आणि तो असलेल्यांना या औषधांच्या थोड्या मात्रेनेही बहिरेपण येऊ शकते.

आईच्या बाबतीत पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. नजर एका अक्षरावर स्थिर ठेवून डोके हलवण्याचे आणि चालण्याचे व्यायाम शिकवले जातात, ते जाणकाराकडून शिकून रोज करावेत. उरलेली संवेदना, डोळे आणि पायांची जाणीव यांचा मेळ मेंदू नव्याने घालतो. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर हा मेळ बसायला उशीर होतो, म्हणून त्या चालू असतील तर डॉक्टरांशी बोलून घ्यावे. घरात रात्री मार्गिकेत मंद दिवा ठेवावा.

कृष्णाकाठ

श्रवणसेवा यांच्या उत्तरात एवढीच भर घालतो की प्रतिक्रिया इतकी जलद होण्यामागे या भागातील एक वेगळी रचनाही आहे. सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या तोलाच्या भागात काही रोमपेशींना चेतापेशीचे टोक पेल्याच्या आकारात जवळजवळ पूर्ण वेढते. मासे आणि बेडूक यांच्यात ही रचना नसते. या रोमपेशीत विश्रांतीच्या अवस्थेतच उघड्या असणाऱ्या पोटॅशियम वाहिन्या मोठ्या संख्येने असतात आणि अलीकडच्या संशोधनात केव्ही १.८ हे प्रथिन त्यांचा आवश्यक घटक असल्याचे दिसले आहे. रोमपेशीतून बाहेर पडलेले पोटॅशियम पेल्याच्या अरुंद फटीत साचते आणि त्याचा परिणाम चेतापेशीवर थेट होतो. ग्लुटामेट सुटण्याची वाट पाहावी लागत नाही. जमिनीवर मान वळवत चालणाऱ्या प्राण्यांत ही घाई का आवश्यक ठरली असावी, यावर बरेच विचार मांडले गेले आहेत आणि मला ते पटतात.

विटेकर

माझा प्रश्न यंत्रमागाचा आहे. आमच्या विट्यात मागांच्या खडखडाटात उभी हयात घालवलेली माणसे घरोघरी आहेत. मी स्वतः तरुणपणी बरीच वर्षे माग चालवला. तपासणीत माझा ऑडिओग्राम वयाच्या मानाने चांगला आला, पण लग्नाच्या मांडवात समोरचा माणूस काय बोलतो ते मला कळत नाही. आवाज येतो, शब्द सुटत नाहीत. घरचे म्हणतात की माझे लक्ष नसते, आणि हे ऐकून फार वाईट वाटते. तपासणी चांगली असताना असे का व्हावे?

कृष्णाकाठ

विटेकर, आपले लक्ष नसते असे मानायला कोणताही आधार नाही. ऑडिओग्राम शांत खोलीत सर्वांत मंद आवाज ऐकू येतो का एवढेच मोजतो, आणि तेवढ्यासाठी थोडे चेतातंतूही पुरतात.

२००९ साली कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. त्यांचे ऐकणे काही काळ मंदावले आणि पुढे पूर्ववत झाले. रोमपेशी शाबूत होत्या. तरीही कॉक्लियाच्या उंच स्वरांच्या भागात रोमपेशी आणि चेतापेशी यांच्यामधले जवळपास निम्मे सिनॅप्स (संदेश देण्याघेण्याचे सांधे) कायमचे नाहीसे झाले होते, आणि पुढच्या काळात त्या चेतापेशीही हळूहळू मेल्या. तीव्र आवाजात ग्लुटामेटचा अतिरेक होतो, ग्राही वाहिन्यांतून गरजेपेक्षा जास्त आयन आत येतात, त्यांत कॅल्शियमही असते आणि चेतापेशीचे टोक सुजून तुटते, असे त्यामागचे कारण दिले जाते.

एका रोमपेशीचे ऐकणाऱ्या चेतापेशी एकसारख्या नसतात असे मी वर म्हटले होते. काही तंतू शांततेतही भराभर आवेग देतात आणि मंद आवाजालाच भरून जातात. काही तंतू शांततेत जवळजवळ गप्प असतात आणि आवाज मोठा झाल्यावरच बोलू लागतात. मांडवातल्या गोंगाटात पहिल्या प्रकारचे तंतू आधीच काठाला पोहोचलेले असतात, त्यामुळे शब्दांचे चढउतार सांगण्याचे काम दुसऱ्यांवर पडते. २०१८ मध्ये उंदरांच्या एकेका चेतापेशीतील जनुकांची क्रियाशीलता तपासून तीन वेगळे गट सापडले आणि त्यांच्यात आयन वाहिन्यांच्या जनुकांचेही फरक होते. गिनिपिगमध्ये आवाजाची झळ आधी पोहोचली ती गप्प राहणाऱ्या तंतूंना. आपल्या तक्रारीशी हे चित्र जुळते.

पुरावा

चर्चा उत्तम चालू आहे, परंतु येथे एक मर्यादा स्पष्ट लिहिणे मला गरजेचे वाटते. उंदरांतील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. गोंगाटात वावरलेल्या पण ऑडिओग्राम चांगला असलेल्या तरुणांवर झालेल्या काही अभ्यासांत गोंगाट आणि श्रवणचेतेचा प्रतिसाद यांच्यात संबंध आढळला नाही, तर काहींत आढळला. विटेकर यांच्या तक्रारीमागे वयानुसार मेंदूत होणारे बदल किंवा ऑडिओग्राममध्ये सहसा न तपासल्या जाणाऱ्या ८,००० कंपनांवरील स्वरांची हानीही असू शकते.

कृष्णाकाठ

आपला आक्षेप रास्त आहे आणि मी तो पूर्णपणे मान्य करतो. माणसाच्या बाबतीत अधिक भक्कम पुरावा मरणोत्तर तपासलेल्या, आतला कान सामावणाऱ्या कवटीच्या हाडांचा आहे. त्यांत रोमपेशी शिल्लक असलेल्या ठिकाणीही वय वाढेल तसे त्यांना जोडलेले चेतातंतू कमी झालेले दिसतात. जिवंत माणसात सिनॅप्स मोजण्याची सर्वमान्य चाचणी अजून हाती आलेली नाही, म्हणून मी विटेकर यांच्या बाबतीत जुळते एवढाच शब्द वापरला. गोंगाटापासून कान जपण्याचा सल्ला मात्र या वादावर अवलंबून नाही. तीव्र आवाजाने रोमपेशी मरतात हे निर्विवाद आहे आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा आहे, आणि विसर्जन मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर नाचणारी मुले तिच्या पलीकडे तासन्‌तास उभी असतात. मला त्यांची मनापासून काळजी वाटते.

श्रवणसेवा

विटेकर यांनी गोंगाटातील शब्दओळखीची चाचणी आणि उंच स्वरांची विस्तारित चाचणी करून घ्यावी. घरच्यांनी समोर येऊन, चेहरा दिसेल असे बोलावे. माग चालवणाऱ्या पुढच्या पिढीने कानात बोळे घालण्याची सवय आजच लावून घ्यावी. कापसाचा बोळा पुरेसा नसतो, फोमचा बोळा पिळून, कान वर ओढून आत बसवावा लागतो.

तासगावची आजी

माझी नात जन्मल्यावर रुग्णालयात कानाची यंत्रावरची पहिली तपासणी उत्तीर्ण झाली होती. वर्षाची झाली तरी हाक मारल्यावर वळेना, म्हणून बेरा चाचणी केली तर तिच्यात काहीच नोंद आली नाही. एक यंत्र ऐकू येते म्हणते आणि दुसरे येत नाही म्हणते, यातले खरे काय मानावे? तिचे आईवडील आतेमामेभावंडे आहेत. डॉक्टरांनी जनुकांची तपासणी सांगितली आहे.

श्रवणसेवा

आजी, दोन्ही यंत्रे खरे सांगत आहेत. पहिली तपासणी बाहेरच्या ओळीतील रोमपेशींचा प्रतिध्वनी मोजते. त्या रोमपेशी शाबूत असल्या की ती उत्तीर्ण होते. बेरा चाचणी चेतेतील आवेगांची नोंद घेते. रोमपेशी शाबूत आणि चेतेत आवेग नाहीत, याचा अर्थ अडचण आतल्या रोमपेशीपासून चेतेपर्यंतच्या टप्प्यात आहे. याचे एक ओळखीचे कारण ओटोफर्लिन नावाच्या प्रथिनाचा दोष हे आहे. कॅल्शियम आत आल्यावर ग्लुटामेट सोडण्यासाठी हे प्रथिन लागते. दोन्ही पालकांकडून सदोष प्रत आली तरच हे बहिरेपण येते, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. यात नातीच्या आईवडिलांचा कोणताही दोष नाही. २०२४ मध्ये चीन आणि अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत या जनुकाची निरोगी प्रत कानात सोडल्यावर काही मुलांना ऐकू येऊ लागले. ते उपचार अजून सर्वत्र उपलब्ध नाहीत. कॉक्लियर इम्प्लांट मात्र आज उपलब्ध आहे, केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पात्र मुलांना त्यासाठी मदत मिळते, आणि दोष रोमपेशीच्या बाजूला असेल तर त्याचा उपयोग सहसा चांगला होतो, कारण ते यंत्र रोमपेशीला वगळून थेट चेतापेशीच्या सोडियम वाहिन्यांना जागे करते. भाषा शिकण्याचे वय निसटू नये म्हणून जनुकीय अहवाल लवकर घ्यावा.

कृष्णाकाठ

आजी, एक विनंती आग्रहाने करतो. नातीचा ईसीजी काढलेला नसेल तर तो काढून घ्यावा. एंडोलिम्फमध्ये पोटॅशियम भरणारी केसीएनक्यू-१ ही वाहिनी हृदयाच्या स्नायूतही असते. तिच्या दोषामुळे जन्मजात बहिरेपण आणि हृदयाच्या लयीचा धोकादायक बिघाड एकत्र येतो. येर्वेल आणि लांगे-नील्सन यांनी हा आजार १९५७ साली नोंदवला. तसेच सुरुवातीला उल्लेख केलेली सीएव्ही १.३ ही कॅल्शियम वाहिनी हृदयाची लय सुरू करणाऱ्या पेशींतही काम करते आणि तिच्या दोषात बहिरेपणाबरोबर नाडी मंद असते. २०११ साली पाकिस्तानातील कुटुंबांत हे प्रथम दाखवले गेले. या दोन्ही गोष्टी ओटोफर्लिनच्या मानाने विरळ आहेत आणि आपल्या नातीच्या तपासण्यांवरून केसीएनक्यू-१ च्या दोषाची शक्यता कमीच वाटते. तरीही ही तपासणी स्वस्त आहे, तिला काही मिनिटे लागतात, आणि इम्प्लांटसाठी भूल देण्याआधी भूलतज्ज्ञाला क्यूटी अंतर (ईसीजीवर दिसणारा, हृदयाच्या एका ठोक्याच्या विद्युत क्रियेचा कालावधी) आणि नाडीचा वेग माहीत असणे आवश्यक आहे. अहवालात क्यूटीचा आकडा लिहिला आहे का ते पाहावे, नसल्यास लिहून मागावा, आणि तो जनुकीय तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनाही दाखवावा.